गुलमर्गला निघालीस ना, मग हे ऐक

गुलमर्गचं तिकीट काढलंस आणि आता रात्र रात्र हिमस्खलनाचे व्हिडिओ बघत बसतेस. ते आधी बंद कर बघू. खरं सांगू का, तुला वाटतंय की डोंगर आपणहून अंगावर कोसळतो. पण स्कीवाले, ट्रेकवाले बर्फात गाडले जातात ना, त्यातल्या बहुतेक वेळी तो बर्फ त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेला असतो. ऐकून पोटात गोळा आला असेल, पण मला यात धीर दिसतो गं. पाऊल कुठे टाकायचं, हे तुझ्या हातात आहे.

बघ, बर्फ थराथराने साठतो. मधला एखादा थर रवाळ साखरेसारखा सुटा राहतो, दाण्याला दाणा धरत नाही. त्यावर वाऱ्याने आणलेला बर्फ दाबून बसला की वरून सगळं छान, गुळगुळीत दिसतं. तू त्यावर गेलीस की खालचा थर खचतो आणि वरची अख्खी लादी सुटते. हे घडतं साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. कोन नजरेने ठरवू नकोस, फोनमध्ये मोजायची सोय आहे, ती वापर. आणि तुझी वाट सपाट असली तरी मान वर करून बघ. वरच्या उतारावरून सुटलेला बर्फ सपाटीवरही लांबपर्यंत येतो.

सह्याद्रीतली एक सवय मात्र तिथे सोडायची. आपल्याला नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, दिसली की वर जायची वाट सापडल्याचा आनंद होतो. बर्फात नाळ म्हणजे सापळा. थोडाच बर्फ सुटला तरी तो तिथे गोळा होतो आणि माणूस खोल गाडला जातो. आणि घोळक्याने गप्पा मारत चालणंही बंद. शंका येईल असा उतार टाळायचाच. ओलांडावाच लागला तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.

मोठा बर्फ पडून गेला की लख्ख ऊन पडतं आणि सगळ्यांचे पाय शिवशिवतात. नेमके ते पहिले एक-दोन दिवस फार धोक्याचे असतात. गोंडोला रोपवेजवळचा ठरावीक भाग स्की पॅट्रोलचं पथक सांभाळतं, त्यापलीकडे तसं कुणी नसतं. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्याच अफरवट डोंगराच्या उतारांवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयरचा जीव गेला, पुढच्याच फेब्रुवारीत गुलमर्गला एका रशियन स्कीयरचा. चंडीगडच्या डीजीआरई या सरकारी संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज बघ, पण तो अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. तुझ्या समोरच्या उताराचं तुलाच बघावं लागेल. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला, बर्फाला तडे गेले किंवा जवळपास ताजं स्खलन दिसलं, तर मागे फिरायचं. यातलं एक दिसलं तरी पुरे. ‘इतक्या लांब आलोय’, ‘पैसे भरलेत’ असं कुणी म्हणालं तरी तू ‘नाही’ म्हण. गटात सगळ्यात नवखी असलीस तरी म्हण.

सामानाचं सांगते. बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं, प्रत्येकाकडे तिन्ही हवीत. बीकन अंगावर, जॅकेटच्या आत, निघतानाच चालू केलेलं. मोबाइल त्याच्यापासून लांब ठेव, नाहीतर सिग्नलमध्ये अडथळा येतो. सरकलेला बर्फ थांबला की इतका घट्ट बसतो की हातांनी उकरता येत नाही, म्हणून फावडं धातूचं घे. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहापैकी नऊ जण वाचतात, अर्ध्या तासाने तिघांतला जेमतेम एक. खालून मदत येईपर्यंत ती वेळ निघून जाते गं, शोधायचं ते सोबत्यांनीच. म्हणून तिथे पोचल्यावर पहिली सकाळ स्कीइंगला नको, सरावाला दे. एकाने बीकन बर्फात पुरायचं, बाकीच्यांनी शोधून, खणून काढायचं, हात बसेपर्यंत.

गाइड ठरवताना लाजू नकोस. हिमस्खलनाचं प्रशिक्षण कुठे घेतलं, बीकन तोच देणार का, हवा बिघडली तर पर्यायी बेत काय, सरळ विचार. उत्तर द्यायला कंटाळणारा गाइड आपल्याला नकोच. त्याची उत्तरं मला कळव, मग तुझ्या आईशी मी बोलते.