रक्तातील औषधी कणांचा माग

शिरेत टोचलेले औषध शरीरात कोठे जाते? रक्त जाईल तेथे, म्हणजे सर्वत्र! कर्करोगावरील औषधांच्या बाबतीत हीच मोठी अडचण आहे. डॉक्सोरुबिसिन हे औषध कर्कपेशींना मारते. पण त्याची एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाच्या स्नायूलाही इजा पोचते. म्हणून औषध मोकळे न सोडता बारीक पिशव्यांत भरून सोडावे, अशी कल्पना पुढे आली.

या पिशवीला लायपोसोम म्हणतात. काही स्निग्ध पदार्थांचे रेणू पाण्यात मिसळले की ते शेजारी शेजारी रांगेने उभे राहतात आणि त्यांच्या बंद पिशव्या आपोआप तयार होतात. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी ही गोष्ट दाखवून दिली. डॉक्सोरुबिसिन भरलेल्या लायपोसोमना अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. ‘डॉक्सिल’ हे त्या औषधाचे नाव.

कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या भिंतींत फटी राहतात. लायपोसोम या फटींतून गाठीत झिरपतील आणि इतरत्र मात्र वाहिन्यांतच राहतील, अशी अपेक्षा होती. अपेक्षा रास्त खरी. पण ती कितपत पुरी होते, हे मोजल्यावाचून कसे कळणार?

कण दिसत का नाही?

लायपोसोमचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर असतो. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७,००० नॅनोमीटर. म्हणजे एका रक्तपेशीच्या व्यासावर ७० लायपोसोम ओळीने बसतील. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. तरंगलांबीहून इतक्या लहान वस्तूचा आकार साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसू शकत नाही. शिवाय कातडी आणि मांस आड येतात, ते वेगळेच.

मग उपाय काय? कण दिसत नसेल तर त्याला दिवा बांधावा! मात्र त्या दिव्याचे किरण शरीर भेदून बाहेर आले पाहिजेत. गॅमा किरण असेच असतात. म्हणून लायपोसोममध्ये किरणोत्सारी अणू बसवतात. ही युक्ती मुळात जॉर्ज हेवेशी यांची. त्यांनी १९२३ साली किरणोत्सारी शिसे वापरून वनस्पतीत शिसे कोठे पोचते ते शोधले. पुढे १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

दिवा किती वेळ जळावा?

दिवा निवडण्यापूर्वी प्रवासाची कल्पना हवी. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला साधारण तेवढेच रक्त ढकलते. म्हणजे रक्तातला कण सरासरीने दर मिनिटाला एक फेरी पुरी करतो.

या रक्तापैकी सुमारे एक चतुर्थांश रक्त यकृताकडे जाते. तेथे कुप्फर पेशी पहारा करीत बसलेल्या असतात. परका कण दिसला की त्या त्याला गिळतात. एका फेरीत कण यकृत चुकवण्याची शक्यता ३/४. दहा फेऱ्यांत एकदाही तेथे न जाण्याची शक्यता ३/४ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.०५६. दहा मिनिटांत १०० पैकी ९४ कण यकृतातून निदान एकदा तरी जाऊन येतात! म्हणूनच लायपोसोमवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या तंतूंचे आवरण चढवतात. त्यामुळे पहारेकरी पेशींना तो चटकन ओळखू येत नाही आणि असे कण दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहू शकतात.

तेव्हा दिवाही तितके दिवस जळला पाहिजे. रुग्णालयांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम–९९एमचा अर्धायुकाल ६ तास आहे. ७२ तासांत असे १२ अर्धायुकाल होतात. म्हणून मूळ अणूंपैकी फक्त १/४,०९६ उरतील. इंडियम–१११ चा अर्धायुकाल सुमारे ६७ तास. ७२ तासांनंतरही त्याचे १०० पैकी सुमारे ४८ अणू शिल्लक राहतात. येथे इंडियमच उपयोगी, हे उघड आहे.

मोजल्यावर काय आढळले?

गॅमा कॅमेऱ्याच्या तोंडाशी शिशाची जाड जाळी असते. सरळ रेषेत येणारे किरणच तिच्या भोकांतून आत शिरतात आणि सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर आदळून प्रकाशाचा बारीक स्फुरण निर्माण करतात. ही स्फुरणे मोजून चित्र तयार होते. त्यात साधारण सेंटिमीटरभराहून लहान तपशील नीट दिसत नाही. एक सेंटिमीटरमध्ये लायपोसोम ओळीने बसवले तर एक लाख बसतील! म्हणजे येथे एकटा कण दिसत नाही. दिसतो तो कणांचा जमाव.

२००१ साली इंग्लंडमधील संशोधकांनी १७ रुग्णांना इंडियम बसवलेले लायपोसोम दिले. १५ जणांच्या गाठी चित्रात उजळलेल्या दिसल्या. लायपोसोम गाठीत पोचतात, हे यावरून सिद्ध झाले. पण किती? ७२ तासांनी गाठींमध्ये टोचलेल्या मात्रेच्या ०.५ ते ३.५ टक्के एवढाच भाग सापडला. पुढे २०१६ साली टोरांटो येथील वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील, मुख्यतः उंदरांवरील, प्रयोगांचे आकडे एकत्र केले. त्यांत निरनिराळ्या प्रकारचे सूक्ष्मकण होते. गाठीत पोचलेल्या भागाचा मध्यक निघाला ०.७ टक्के. हजारात सात!

मग सारा खटाटोप व्यर्थ गेला का? नाही. हृदयातील रक्तवाहिन्यांच्या भिंतींत तशा फटी नसल्याने पिशव्या तेथे झिरपत नाहीत आणि हृदयाला होणारी इजा बरीच कमी होते. औषध कोठे जाते याइतकेच ते कोठे जात नाही, यालाही महत्त्व आहे.

एक सावधगिरी मात्र विसरू नका. कॅमेऱ्याला दिसतो तो दिवा, औषध नव्हे. इंडियम पिशवीतून सुटले किंवा औषध आधीच गळून गेले, तर चित्र आपल्याला फसवील. म्हणून संशोधक रक्ताचे नमुने घेऊन त्यांतील औषधही वेगळे मोजतात.

वर्गात करून पाहा

चाळीस विद्यार्थ्यांनी उभे राहावे. प्रत्येक जण एक कण. प्रत्येकाने दोन नाणी एकदम उडवावीत. दोन्ही नाण्यांवर छाप आला तर ‘यकृतात गेलो’ असे समजून खाली बसावे. याची शक्यता १/४ आहे. प्रत्येक फेरीनंतर उभे असलेल्यांची संख्या फळ्यावर लिहा आणि दहा फेऱ्यांचा आलेख काढा. शेवटी दोन-तीनच जण उभे असतील. मग हाच आलेख किरणोत्सारी अणूंच्या ऱ्हासाच्या आलेखाशी ताडून पाहा. दोन्ही सारखे का दिसतात, याचे उत्तर स्वतः शोधा.