जुन्या मोटारीचा टायमिंग बेल्ट : बदलावा की चालवावा?

मंदीच्या दिवसांत व्यापारी सर्वांत आधी हात आखडतो तो मोटारीच्या खर्चावर. लूम बंद पडला तर तासाभरात जॉबर बोलावला जातो. गाडी मात्र चालत आहे तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. भिवंडीत आमच्या धंद्यातील अनेकांकडे जुनीच गाडी असते. कोणाकडे मारुती ८००, कोणाकडे नमुन्याचे ताके मुळजी जेठा मार्केटला नेण्यासाठी ओम्नी, कोणाकडे इंडिका किंवा क्वालिस. अशा गाडीबाबत मिस्त्री एक दिवस म्हणतो, "सेठ, टायमिंग बेल्ट बदलून घ्या," आणि सेठला शंका येते की हा खरा सल्ला आहे की बिल वाढविण्याची युक्ती. आम्ही कापडवाले आहोत, गॅरेजवाले नाही. तरीही हा हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याला स्वतः मांडता आला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

लूमवाल्याला हा पट्टा समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या साध्या लूमला क्रँक शाफ्टचे दोन फेरे झाले की खालच्या शाफ्टचा एक फेरा होतो. त्या खालच्या शाफ्टवरून ताणा उघडतो आणि धोट्याला फटका बसतो. हा मेळ एका दाताने जरी चुकला तरी ताणा उघडण्याआधीच धोटा सुटतो, मध्येच अडकतो आणि शेकडो तार तुटतात. मोटारीच्या इंजिनातही नेमके हेच आहे. क्रँक शाफ्टचे दोन फेरे, कॅम शाफ्टचा एक फेरा. कॅम शाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो व मिटतो. पिस्टन वर येण्याआधी व्हॉल्व्ह बाजूला व्हावा लागतो. लूमवर हा मेळ लोखंडी चाके राखतात, मोटारीत तो एक दाती रबरी पट्टा राखतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. इतके काम हा पट्टा वर्षानुवर्षे झाकणाआड मुकाट्याने करीत असतो.

मोटारीत असा पट्टा फार जुना नाही. जर्मनीच्या ग्लास कंपनीची १००४ ही गाडी १९६२ च्या सुमारास बाजारात आली, ती अशा पट्ट्याची पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली मोटार मानली जाते. त्याआधी साखळी असे. आपल्या जुन्या पद्मिनीला व पेट्रोलच्या अ‍ॅम्बेसेडरला साखळीच होती, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी या पट्ट्याचे नावही ऐकले नव्हते. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पट्टा घरोघरी आला. ओम्नी, ८०० सीसीची जुनी अल्टो, सँट्रो, इंडिका डिझेल, क्वालिस या सर्वांत पट्टाच आहे. उलट स्विफ्टचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन किंवा अल्टो के-१० यांना साखळी आहे; तिथे ठरावीक मुदतीला काही बदलावे लागत नाही, मात्र ऑइल वेळेवर बदलले पाहिजे. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की आपल्या गाडीला पट्टा आहे की साखळी? साखळीच्या गाडीला कोणी पट्टा बदला म्हणाला तर गॅरेज बदलावे.

आता पट्टा तुटला तर काय होते? यात दोन प्रकार आहेत. काही पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात इतकी जागा असते की पट्टा तुटला तरी दोघे भिडत नाहीत. गाडी जागेवर बंद पडते, ओढून आणावी लागते, नवा पट्टा घातला की पुन्हा चालू होते. दुसऱ्या प्रकारात ती जागा नसते. पट्टा तुटताक्षणी उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो व वाकतो. हेड उतरवावे लागते, कधी पिस्टनही जातो. डिझेल इंजिन जवळपास सर्वच या दुसऱ्या प्रकारचे. म्हणून इंडिका किंवा क्वालिसवाल्याने "बघू पुढच्या महिन्यात" म्हणणे आम्हांला मुळीच पटत नाही. पेट्रोलवाल्याने आपले इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे जाणत्या मिस्त्रीला विचारून घ्यावे आणि दोन भाव लिहून मागावेत : पट्टा बदलण्याचा एक, हेड उतरवून व्हॉल्व्ह घालण्याचा दुसरा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धा निर्णय आपोआप होतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. बहुतेक इंजिनांत ही मुदत साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर असते. नक्की आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात पाहावा. परंतु भिवंडीत नुसते किलोमीटर मोजून चालत नाही. अंजूर फाटा ते माणकोली या रांगेत गाडी तासभर उभी असते, इंजिन चालू, बॉनेटखाली भट्टी, आणि किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही. पट्टा मात्र तो सारा तास फिरत असतो. शिवाय रबर वयाने कडक होते. दहा वर्षांत ३० हजारच चाललेली गाडी "कमी चाललेली" म्हणून विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जुन्या गाडीसोबत पट्टा बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. विकणाऱ्याचा तोंडी शब्द हा कच्चा हिशेब आहे.

झाकण काढून पाहिले तर चिरा, झिजलेले दात किंवा ऑइलचा ओलावा दिसू शकतो. असे काही दिसल्यास विचार करण्यासारखे उरतच नाही. पण काही न दिसले म्हणजे पट्टा चांगला, असेही नव्हे. लूमचा पट्टा घसरू लागतो, आवाज करतो. हा पट्टा बहुधा काही न सांगता जातो.

मग न बदलण्याची बाजू खरी कधी ठरते? गाडी पेट्रोलची आहे, व्हॉल्व्ह न भिडणारी आहे, शहराबाहेर जात नाही आणि चार-सहा महिन्यांत भंगारात जायची आहे, तर खर्च टाळणे गैर नाही. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, त्यावर पर्यावरण कर वेगळा. म्हणून ज्याची गाडी चौदाव्या वर्षात आहे त्याने पट्टा आणि फेरनोंदणी हे दोन्ही एकाच बैठकीत ठरवावे. गाडी पुढे पाच वर्षे ठेवायची असेल तर पट्टा आजच घालावा. ठेवायची नसेल तर दोन्ही खर्च वाचतात.

मात्र मालेगावला ये-जा असणाऱ्यांना ही सवलत आम्ही देणार नाही. कसारा घाटात इंजिन अचानक बंद पडले तर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होते, आणि मागे ट्रक असतो. गाडीत मुलेबाळे असतील तर तिथे नफा-तोट्याचा हिशेब लागू होत नाही.

बदलायचे ठरले तर काम अर्धवट करू नये. पट्ट्यासोबत ताण देणाऱ्या पुलीचे बेअरिंग आणि गळत असतील तर ऑइल सीलही बदलावेत. काही इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो, तिथे पंप तपासून घ्यावा. मजुरी एकदाच पडते. सुटा माल ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावा, कारण नकली पट्टा डब्यावरून ओळखता येत नाही. आपला जॉबर नवीन जोडणीनंतर लूम आधी हाताने फिरवून पाहतो ना? तसेच मिस्त्रीने स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, हे पाहिले पाहिजे. तो हे करतो की नाही, हे तिथे उभे राहून पाहावे.

तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावेत, पावती गाडीच्या कागदांत लावावी. पुढे गाडी विकताना हीच पावती भाव देते. आणि पट्टा बदललेला नसेल तर तेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, जसे आपण डॅमेजचे ताके फ्रेश मालात बांधत नाही.