हवेचा टेकू

उंच पेल्यात पाणी घेऊन सरबताची नळी १० सेंटिमीटर खोल बुडवा व हळूच फुंका. बुडबुडा निघण्यास लागणारा दाब सुमारे ९८० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का असतो. एवढ्याशा दाबावर कित्येकांची झोप अवलंबून असते!

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासमार्ग त्यामुळे वारंवार मिटतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि झोप मोडते. या विकाराला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. नाकावाटे सतत जादा दाबाची हवा देऊन हा मार्ग उघडा ठेवण्याची रीत सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. हेच 'सीपॅप'. मुखवट्यातून येणारी हवा घशाला आतून टेकू देते.

मात्र टेकू काढला की मार्ग पुन्हा मिटू लागतो. म्हणून हे यंत्र वर्षानुवर्षे, रोज रात्री लावावे लागते. मुखवटा काचतो, नाक कोरडे पडते. योग्य मापाचा मुखवटा व ओलसर केलेली हवा यांनी त्रास कमी होतो. घरात कोणी ते लावीत असेल, तर हसू नका. चष्म्याला आपण हसतो का?