ऋचाला, सिसिलियानाविषयी

पाम, ता. पालघर



परीक्षेसाठी तू हँडेलचा एफ मेजरमधला रेकॉर्डर सोनाटा निवडलास, याचा मला फार आनंद झाला. आपल्या इथला तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतला, त्याच्याही आधी लंडनमध्ये लिहिलेलं हे संगीत. तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा ऐकलं. जलद भाग छान बसलेत, त्यांच्याविषयी काही सांगायचं नाही. सांगायचंय ते तिसऱ्या भागाविषयी. ‘अल्ला सिसिलियाना’ लहान आहे म्हणून तू तो उरकून टाकतेस. मला तर सबंध सोनाट्याचा जीव तिथेच आहे असं वाटतं.

त्यात भाव आणायला तू फुंकेचा जोर वाढवतेस. रेकॉर्डरवर हे चालत नाही. फुंक जोराची झाली की सूर चढतो, मंद झाली की उतरतो. आडव्या बासरीत ओठ फिरवून सूर सावरता येतो. इथे हवा ठरलेल्या फटीतूनच जाते, ओठांना काही करता येत नाही. मग हातात उरतं काय? सूर किती धरायचा, कुठे तोडायचा आणि कुठे किंचित उशिरा यायचं. त्या काळचे वादक यावरच सगळं उभं करत. ओततेर या फ्रेंच वादकाच्या १७०७ च्या पुस्तकात जिभेने ‘तु’ आणि ‘रु’ कसे म्हणायचे हे शिकवलंय. तू सगळीकडे एकच ‘तु’ मारतेस.

लय बारा-आठची आहे, म्हणजे तीन-तीनचे चार गट. दादऱ्याची दोन आवर्तनं धर, लगेच अंगात येईल. सिसिलियानाच्या चालीत गटातला पहिला सूर लांब, दुसरा निसटता, तिसरा मधला. तू दुसऱ्याला तिसऱ्याइतकाच वेळ देतेस, आणि तिथेच झोका मोडतो. तो दुसरा अगदी आखूड कर. तोंडाने ‘तु–रु–तु’ म्हणत वाद्याशिवाय आठवडाभर गा.

आणि खालची ओळ ऐक. हँडेलने रेकॉर्डरखाली नुसती खर्जाची ओळ आणि तिच्यावर आकडे लिहिले. हार्पसिकॉर्ड वाजवणारा त्या आकड्यांवरून बाकीचे सूर स्वतः भरतो. तुझ्या साथीदाराला एकदा फक्त डावा हात वाजवायला सांग. तुझा कोणता सूर खर्जाशी भांडतो आणि पुढे कुठे मिटतं, ते कळेल. भांडणाऱ्या सुरावर थोडं रेंगाळ, मिटल्यावर हलक्याने सोड. हे साधलं की जोर वाढवावासाच वाटणार नाही.

श्वासाचंही सांगते. जव्हारकडचे तारपा वाजवणारे गालातली हवा दाबत नाकाने श्वास घेतात, म्हणून सूर तुटत नाही आणि नाचणाऱ्यांचा फेर चालू राहतो. तसा अखंड सूर तुला नको. इथे वाक्य संपलं की श्वास घ्यायचाच, आणि तो लपवायचा नाही. मात्र वाक्याच्या मध्ये घेऊ नकोस. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो दोनदा तिथे पडलाय.

शेवटाकडे नीट लक्ष दे. हा भाग डी मायनरमध्ये आहे, पण डीवर थांबत नाही. ए वर येऊन अर्धवट उभा राहतो, कारण पुढचा अॅलेग्रो त्याला हवा आहे. तू तिथे खूप संथ होऊन सगळं संपल्यासारखं वाजवतेस आणि मग पान उलटतेस. तसं करू नकोस. तो अॅलेग्रो पाठ कर, म्हणजे पान आड येणार नाही, आणि शेवटचा सूर संपताच पुढे जा.

सुट्टीत ये, येताना ऑल्टो रेकॉर्डर घेऊन ये. शाळेतला लहान नको. खर्ज मी पेटीवर धरीन.

तुझी
आत्या