पातळ पटलातील चुंबकीय प्रांत

सी. व्ही. रामन यांनी 1933 साली बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत भौतिकी विभागाची सुरुवात केली. आज तेथे ज्या पदार्थांवर संशोधन होते, त्यांत काही नॅनोमीटर जाडीची लोहचुंबकी पटलेही आहेत. अशा पटलावर ध्रुवित प्रकाश टाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता काळेपांढरे पट्टे दिसू शकतात. परावर्तित प्रकाशाचे ध्रुवण चुंबकनानुसार किंचित वळते, हा जॉन केर यांचा 1877 मधील शोध येथे उपयोगी पडतो. प्रत्येक पट्टा म्हणजे एक ‘प्रांत’ होय. त्यातील अणुचुंबकांची तोंडे एकाच दिशेला असतात. शेजारच्या पट्ट्यात ती उलट दिशेला असतात.

असे प्रांत असावेत, ही कल्पना पिएर वाइस यांनी 1907 मध्ये मांडली. पण ते पडतातच का? अखंड चुंबकाच्या टोकांशी ध्रुव निर्माण होतात व त्यांचे क्षेत्र बाहेर पसरते. त्यात ऊर्जा खर्ची पडते. विरुद्ध दिशांचे प्रांत शेजारी आले, की हा खर्च घटतो. मात्र भावाभावांत शेताची वाटणी झाली म्हणजे बांधापायी काही जमीन जातेच, तशी प्रांतांमधील प्रत्येक भिंतीलाही ऊर्जा लागते. म्हणून वाटणी एका मर्यादेवर थांबते. ही भिंत रेषेसारखी नसते. लोखंडात शंभराहून अधिक अणूंच्या अंतरात दिशा मळसूत्राप्रमाणे हळूहळू फिरते, हे फेलिक्स ब्लॉख यांनी 1932 मध्ये दाखविले.

पातळ पटलात मात्र हीच रचना महाग पडते. चुंबकन पटलाच्या प्रतलात असेल, तर ब्लॉख भिंतीच्या मध्यभागी अणुचुंबक पटलाला लंब उभे राहतात आणि वरच्या व खालच्या पृष्ठांवर ध्रुव उमटतात. जाड धातूत ही पृष्ठे दूर असल्याने बिघडत नाही. पण भिंतीच्या रुंदीपेक्षा पटलाची जाडीच कमी असेल तर? लुई नेएल यांनी 1955 मध्ये उत्तर दिले: अणुचुंबक उभे न राहता पटलाच्या प्रतलातच वळतात. ध्रुव टळत नाहीत, ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना सरकतात. तरी एकूण खर्च कमी होतो. सुमारे 80 टक्के निकेल असलेल्या पर्मलॉयच्या पटलांत या दोहोंमधील जाडीला तिसराच प्रकार आढळतो. त्यात मुख्य भिंतीला माशाच्या काट्याप्रमाणे आडव्या छोट्या भिंती फुटतात. निसर्गाने काढलेली ही तडजोड मोठी देखणी दिसते.

या भिंती सरकवता येतात, म्हणून स्मृतिसाधनांसाठी त्यांचे महत्त्व. 1970 च्या दशकात ‘बुडबुडा’ स्मृती बाजारात आली. तिच्यात प्रांताचे असणे किंवा नसणे हीच नोंद होती. पुढील दशकाच्या अखेरीस ती बव्हंशी मागे पडली, तरी भिंतींवर माहिती साठविण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. अडचण अशी, की सहज सरकणारी भिंत उष्णतेने किंवा परक्या क्षेत्रानेही सरकेल आणि नोंद पुसली जाईल. घट्ट अडकलेली भिंत हलवायला मोठे क्षेत्र किंवा मोठा विद्युत्प्रवाह लागेल. भिंत अडकते ती पटलातील दोषांपाशी, आणि सुटते तीही झटक्याने. त्यामुळे पटल घडविताना दोष किती राहू द्यावेत आणि कोठे, हे ठरविणे फार अवघड असते.