अल्ट्राच्या नादात

मागच्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून वरच्या फळीतलं ग्राफिक्स कार्ड घरी आणलं. बोनस गेलाच, वर एक एफडी मोडली. घरी सांगितलेली किंमत वेगळी होती, तो विषय इथे नको.

'रेड डेड रिडेम्प्शन 2' लावला, सगळी सेटिंग्ज अल्ट्रावर नेली आणि संध्याकाळभर घोड्याची आयाळ बघत बसलो. आठवड्याने भाच्याने परीक्षा घेतली. मी पाठ फिरवायची, त्याने कधी 'हाय', कधी 'अल्ट्रा' लावायचं, मी ओळखायचं. "मामा, परत चुकलास!" दहापैकी पाच बरोबर. नाणं उडवूनही तेवढेच आले असते.

नंतर डोक्यात उजेड पडला. 1996च्या 'टूम रेडर'मधली लारा क्रॉफ्ट अवघ्या काहीशे पॉलिगॉनची होती. तिला दसपट पॉलिगॉन दिले की टोकदार खांदा गोल होतो. त्याच्या दसपट दिले की बोटं सुटी दिसतात. आणखी दसपट दिल्यावर फरक शोधायला नाक पडद्याला लावावं लागतं. कार्डाची दमछाक मात्र दरवेळी वाढलेलीच. फ्रेमचंही तसंच. सेकंदाला 30च्या 60 झाल्या की दोन चित्रांमधले 33 मिलिसेकंद 17वर येतात, हाताला लगेच कळतं. 120च्या 240 केल्या तर वाचतात जेमतेम 4.

माझा खरा गाढवपणा पुढेच आहे. मॉनिटर जुना, 1920 बाय 1080चा, 60 हर्ट्‌झचा. कार्ड चौपट पिक्सेलच्या 4केसाठी बनवलेलं. त्याने 140 फ्रेम काढल्या तरी पडद्याला 60च्या वर झेपतच नव्हतं.

तेव्हा कार्डाआधी मॉनिटर बघा. आहे त्याच कार्डावर सावल्या आणि प्रतिबिंबं एकेक पायरी खाली आणून आठवडाभर खेळा. बराचसा भार तिथेच हलका होतो. रे ट्रेसिंगने ओल्या रस्त्यावरचे दिवे सुरेख दिसतात, पण ते बंद करूनही खेळून बघा. आणि तुलनेचे व्हिडिओ थांबवून बघू नका. थांबलेल्या चित्रात दिसणारा फरक पळत्या घोड्यावरून दिसत नाही.

एवढं करून कार्ड घ्यायचंच असेल, तर पॉवर सप्लायचे वॉट आधी वाचा. माझा 450चा होता. तोही बदलावा लागला.