कसारा घाट उतरायचाय? टेम्पो घेण्याआधी ब्रेक समजून घ्या



घोटीत धंदा करायचा म्हणजे आज ना उद्या तांदूळ, भाजीपाला घेऊन मुंबईकडे कसारा घाट उतरावाच लागतो. पण पहिली गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, हप्ता विचारतो. ब्रेकचं कोण विचारतं?

आधी हिशोब बघा. भरलेली अडीच टनाची गाडी ३०० मीटर उंची उतरली, की सुमारे २ युनिट विजेइतकी ऊर्जा सुटते. नुसता ब्रेक दाबून उतरलात तर ती बहुतेक सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते.

चाकावर काय आहे?

ड्रम ब्रेक : लायनर ड्रमला आतून घासतात. स्वस्त पडतो, हँडब्रेकला सोयीचा. पण उष्णता आत कोंडते आणि जास्त तापला की पकड कमी होते.

डिस्क ब्रेक : पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी धरतात. चकती उघडी, त्यामुळे लवकर थंड होते. आपल्याकडच्या पावसात पाणीही पटकन झटकलं जातं.

ब्रेक लागला की वजन पुढे येतं. म्हणून बऱ्याच छोट्या टेम्पोंना पुढे डिस्क, मागे ड्रम असतो.

पायाचा जोर चाकापर्यंत कोण नेतं?

ऑइल ब्रेक : छोट्या गाड्यांना हाच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं, ओल धरलेलं ऑइल लवकर उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसतं. म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ऑइल बदला.

एअर ब्रेक : मोठे ट्रक, बस यांना. दाबलेल्या हवेवर चालतो. हवा खूप उतरली तर स्प्रिंग ब्रेक चाकं धरून ठेवतो. गेजवर प्रेशर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

आणि एबीएस? जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ देत नाही, स्टिअरिंग हातात राहतं. पण घासलेल्या लायनरवर तो उपाय नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रल? अजिबात नको!

इंजिन बंद केलं तर ऑइल ब्रेकचा बूस्टर दोन-चार दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. वर वाचत काहीच नाही. नव्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला डिझेल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच.

म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. बराचसा भार इंजिन घेईल, ब्रेक गार राहील.

जुनी गाडी घेताय? लायनर, पॅड, ऑइल, हँडब्रेक मेकॅनिककडून उघडून बघा आणि तो खर्च किमतीत धरा. पासिंगपेक्षा जास्त माल भरून एक फेरी वाचेल, पण ब्रेक त्या वजनासाठी बनवलेलेच नाहीत. ड्रायव्हर ठेवलात तर हे त्यालाही समजावून सांगा. गाडी तुमची, तशी जबाबदारीही तुमचीच.